आमच्या खांबातला कार्बन आणि कंपनीच्या कागदातला कार्बन



मागच्या महिन्यात आमच्या पाड्यावर एक गाडी आली. कंपनीचा माणूस होता. म्हणे, "तुमच्या जंगलात कार्बन आहे. त्याचे पैसे मिळतील, फक्त इथे अंगठा द्या." कागद इंग्रजीत. मी बारावी शिकलोय, दोनदा वाचला तरी निम्माच कळला. पण एवढं कळलं की करार 40 वर्षांचा आहे, आणि तेवढी वर्षं जंगलात काय तोडायचं, गुरं कुठे चारायची, ते कंपनीला विचारून. आमच्या कारभारीबाबांनी विचारलं, "कार्बन म्हणजे नेमकं काय? तो मोहात असतो का सागात?" त्या माणसाला धड सांगता येईना. म्हणून मी सांगतो.

झाड हवेतला कार्बन वायू ओढतं आणि त्याचं लाकूड करतं. वाळलेलं 100 किलो लाकूड घेतलं तर त्यात साधारण 50 किलो कार्बन असतो. झाड उभं आहे तोवर तो त्यात राहतो. जंगलाच्या मातीतही राहतो. लाकूड जाळलं की परत हवेत जातो. पण त्याच लाकडाचा खांब केला, आढं केलं, नांगर केला, तर जाळेपर्यंत किंवा कुजेपर्यंत तो तिथेच राहतो. माझ्या आजाने रोवलेले सागाचे खांब आजही आमचं घर पेलतात. म्हणजे आमच्या घरातही कार्बन साठलेला आहे. आजाला तो शब्द माहीत नव्हता, एवढंच.

आता बघा गंमत. त्याच खांबासाठी आजाला दंड भरावा लागला, वर दोन कोंबड्या गेल्या. शहरातल्या बंगल्याचा सागवानी दरवाजा म्हणजे शोभा, आणि आमचा खांब म्हणजे चोरी! आता म्हणतात लाकूड वापरा, सिमेंट-लोखंडापेक्षा चांगलं. आम्ही दुसरं काय करत होतो?

आमच्या चुलीलाही नावं ठेवतात. चुलीत फांदी जळते, धूर होतो, खरं आहे. त्या धुराने आमच्या आयांचे डोळे जातात, हेही खरं. पण बुंधा राखला तर पावसाळ्यात त्याला फुटवा येतो आणि गेलेला कार्बन परत ओढतो. कोळशाचं तसं नाही. तो कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला होता. त्यांनी तो उकरून जाळला. आता म्हणतात, आमचा धूर तुमच्या झाडांनी प्यावा, आणि आम्ही मात्र जाळत राहू. कार्बन क्रेडिट म्हणजे हेच. धूर त्यांचा, पहारा आपला, आणि झाड तोडलं तर गुन्हाही आपल्यावर.

जंगल कोणी संपवलं, तेही विचारू. डांगच्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी 1842 च्या सुमारास जंगल भाड्याने लिहून घेतलं. साग मुंबईला जहाजांसाठी गेला. पुढे रेल्वेच्या रुळांखाली स्लीपर म्हणून गेला. 1974 साली राज्याचं वनविकास महामंडळ निघालं. मोह, चार, टेंभुर्णीचं मिश्र जंगल साफ तोडून एकट्या सागाच्या रांगा लावल्या. तेव्हा कार्बन कोणाला आठवला नाही. आणि सरकारी मोजणीत एक हेक्टरवर 10 टक्के सावली असली की ते वनाच्छादन. आंब्याची बाग आणि निलगिरीचं रानही त्यात आलं. त्या कागदावर निलगिरी आणि मोह सारखेच. पण निलगिरी खाऊन पोट भरतं का?

2016 च्या कायद्याने खाणी-धरणांच्या बदल्यात झाडं लावायचा मोठा पैसा आला. त्यात ग्रामसभेच्या संमतीची सक्ती नाही. 2023 च्या ऑक्टोबरात ग्रीन क्रेडिटचे नियम आले. आता कंपनीने "निकृष्ट" वनजमिनीवर झाडं लावण्याचे पैसे दिले तर तिला क्रेडिट मिळू शकतं. ही निकृष्ट जमीन म्हणजे कोणती? आपली नेवाडं, आपली चराई! आमच्याकडे दावा पडून असलेल्या नेवाडात ज्वारी उभी असताना खड्डे खणले. बाया आडव्या झोपल्या, म्हणून काम थांबलं.

साथींनो, पैसे नकोत असं मी म्हणत नाही. आपल्यातलेही काही रात्री व्यापाऱ्याला साग देतात, तेही बंद झालं पाहिजे. पण राखणारा कोण, हे आधी ठरू दे. वनहक्क कायदा 2006 चं कलम 3 सामूहिक जंगल राखायचा आणि सांभाळायचा हक्क देतं, निस्तारही देतं. कलम 5 ग्रामसभेला रक्षणाचा अधिकार देतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 2009 साली सुमारे 1800 हेक्टरचा हक्क मिळवला, आणि 2011 पासून ग्रामसभेच्या स्वतःच्या पासवर बांबू विकला. ते कोणाच्या क्रेडिटवर नाही, स्वतःच्या हक्कावर.

म्हणून प्रत्येक पाड्यावर बैठक घ्या आणि ठराव करा:

1. वैयक्तिक आणि सामूहिक दावे निकाली निघेपर्यंत जंगलाचा कोणताही करार नाही.

2. कागद मराठीत आणि आपल्या बोलीत, पूर्ण ग्रामसभेसमोर वाचला जाईल. एकट्या सरपंचाची किंवा समितीची सही चालणार नाही.

3. दावा असलेल्या नेवाडात रोपवन नाही.

4. घर, नांगर, चूल आणि चराई यांवर कोणत्याही करारात बंधन नाही.

आमच्या ग्रामसभेने त्या माणसाचा कागद कोराच परत दिला. तो म्हणाला, "दुसरे पाडे देतील." तो आता तुमच्याकडे येईल. अंगठ्याची शाई धुतली की जाते, करार 40 वर्षं जात नाही.

जंगल आमच्या हक्काचं, नाही कोणाच्या बापाचं!