नोटीस बोर्डावरचा कागद

लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर एक दिवस कागद लागतो: 'भाडेकरू ठेवल्यास मेंटेनन्स दुप्पट.' खाली सेक्रेटरीची सही. कमिटीला हे करता येतं का? नाही. 2001 च्या शासन आदेशानुसार भाडेकरू ठेवल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपुढे नेता येत नाही. पण चाकणच्या कारखान्यांसाठी आलेल्या भाडेकरूंनी मोशी, चिखली भरत असताना हे किती घरमालकांना ठाऊक आहे? 2019 मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं, तरी आपण वार्षिक सभेला जातो ते समोशापुरते! या अंकात आम्ही सभासदाच्या बाजूने उभे आहोत. मात्र बिनपगारी राबणाऱ्या, टँकरवाल्याशी हुज्जत घालणाऱ्या कमिटीचंही ऐकलं आहे. तुमच्या सोसायटीतला अनुभव जरूर कळवा. सोबत मेंटेनन्सची पावती जोडलीत तर उत्तमच.