जुळणारे चार क्रिस्टल

26 जुलै 2005 च्या पुरात लोकल थांबल्या, फोन लागेनात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या किती घरांत रात्रभर आपल्या माणसाची खैरियत कळली नाही! अशा वेळी हॅम रेडिओ कामी येतो. त्याला टॉवर लागत नाही, बॅटरी पुरते.

हा संच घरी बांधता येतो. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स नावाचा स्वस्त संच आखून सर्वांना खुला केला. त्यातला क्रिस्टल फिल्टर म्हणजे चाळणीच. हवा तो आवाज येऊ देते, शेजारच्या स्टेशनांची गडबड अडवते.

आम्ही मुलांना घेऊन ती बनवली. लॅमिंग्टन रोडवरून 10 मेगाहर्ट्झचे वीस क्रिस्टल आणले. पहिल्यांदा न मोजताच चार जोडले, आवाज घुसमटला. आकडा एकच छापलेला असला, तरी प्रत्येक क्रिस्टल थोडा वेगळा असतो. मग एकाच ऑसिलेटरमध्ये एकेक लावून मोजले. बोटांच्या उबेनेही आकडा सरकतो, म्हणून दर वेळी थोडे थांबलो. शंभर हर्ट्झच्या आत जुळणारे चार निवडून एकापुढे एक जोडले आणि मधल्या सांध्यांवरून ग्राउंडला कपॅसिटर दिले. कपॅसिटर वाढवला की चाळणी बारीक होते. आता बोलणे स्वच्छ येते.

ऐकून झाल्यावर बोलावेसे वाटणारच. त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा आणि परवाना हवा. पालकहो, मुलांबरोबर मुलींनाही या परीक्षेला बसवा. पुढच्या पुरात मोहल्ल्यातले एक घर तरी खबर पोहोचवणारे असावे.