तंत्रशिक्षणाला मानव्यविद्यांचे ओझे?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने अर्थशास्त्र, राज्यघटना वा भाषा यांचा अभ्यास कशासाठी करावा, असा सवाल विद्यार्थी आणि पालक वारंवार करतात. त्यामागे केवळ अभ्यासाचा कंटाळा आहे असे मानणे अन्यायाचे होईल. शुल्कासाठी कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला प्रत्येक सत्राचा हिशेब मांडावा लागतो. आणि विद्यार्थ्याच्या वेळेलाही मोल असते, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने तरी विसरता कामा नये.

तथापि व्यापक शिक्षणाचा हा आग्रह आजचा नव्हे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सरकार समितीने उच्च तंत्रशिक्षण संस्थांची कल्पना मांडली, तेव्हा तिच्यापुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा आदर्श होता. त्या संस्थेत आजही पदवीसाठी मानव्यविद्या, कला व सामाजिक शास्त्रे यांतील 8 विषय पूर्ण करावे लागतात.

याची गरज काय, हे जाणण्यास दूर जावयास नको. धरणाची भिंत किती भार पेलेल हे यंत्रशास्त्र सांगते. धरणाचा लाभ कोणाला आणि झळ कोणाला, हे ते सांगत नाही. कोयनेचे पाणी 1960च्या दशकात अडले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात 1976 साली आला. काँक्रीटचे गणित आधी सुटले, माणसांचे मागे राहिले. हा दोष एकट्या अभियंत्यांचा खचितच नव्हे. परंतु प्रकल्पाचा खर्च मांडताना विस्थापिताचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहावे, हा प्रश्न तरी त्यांना पडावयास हवा.

खरी अडचण आहे ती अंमलबजावणीत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2018 साली जाहीर केलेल्या आदर्श अभ्यासक्रमात एकूण 160 श्रेयांकांपैकी मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे व व्यवस्थापन यांच्या वाट्याला मिळून 12 आले. राज्यघटना व पर्यावरण हे विषय अनिवार्य, पण श्रेयांकाविना ठेवले गेले. ज्या श्रमाला मोबदला नाही तो श्रम मनापासून केला जाईल, ही अपेक्षा अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्याशी विसंगत आहे. मग परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड चाळून विषय 'काढला' जातो. यात वेळही जातो आणि विद्याही हाती लागत नाही.

यास्तव विषय थोडेच असावेत, पण त्यांना पूर्ण श्रेयांक असावेत, ते त्या त्या विषयाच्या जाणकारांनी शिकवावेत आणि परिसरातील एखाद्या पाणीयोजनेचा वा रस्त्याचा लाभ-हानीचा अहवाल विद्यार्थ्याने स्वतः लिहून सादर करावा. एवढे करण्याची तयारी नसेल, तर सक्तीचा देखावा बंद करणेच प्रामाणिकपणाचे ठरेल.