वाड्याचा वडा आणि फुकटचा नकाशा

नकाशांचा विषय निघाला की ऑफिसातले मित्र मला एकच प्रश्न विचारतात : फुकट मिळतंय ना, मग तुझं पोट का दुखतं? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, नकाशे वापरणारी अ‍ॅप्स लिहितो, आणि ट्रॅफिक बघायला रोज सकाळी गूगल मॅप्सच उघडतो. तेव्हा हा लेख बहिष्काराचा नाही. माझा आक्षेप 'फुकट' या शब्दाला आहे.

आधी थोडं तंत्र. सिडनीतल्या 'व्हेअर टू टेक्नॉलॉजीज' नावाच्या इवल्याशा कंपनीत लार्स आणि येन्स रासमुसेन या भावांनी व त्यांच्या साथीदारांनी केलेलं काम गूगलने २००४मध्ये विकत घेतलं. ८ फेब्रुवारी २००५ रोजी गूगल मॅप्स लोकांसमोर आलं. त्याआधी वेबवरचा नकाशा सरकवायचा म्हणजे बाजूच्या बाणावर क्लिक करायचं आणि अख्खं पान पुन्हा उघडायची वाट बघत बसायचं. इथे नकाशाचे २५६ बाय २५६ पिक्सेलचे चौकोन कापून ठेवले होते. पडद्यावर जेवढे दिसतात तेवढेच मागवायचे, बाकीचे तुम्ही बोट सरकवाल तसे. सगळं जग मावणारा एक चौकोन, पुढच्या पायरीला चार, मग सोळा... अठराव्या पायरीला हा आकडा ६,८७१ कोटींच्या वर जातो. गणित सुंदर आहे, पण अवघड नाही. कॉलेजातली चार पोरं मिळून चौकोन कापणारा प्रोग्रॅम महिन्याभरात लिहितील.

अवघड आहे ते त्या चौकोनावर काय लिहायचं हे. उपग्रहाला पत्रा दिसतो. त्या पत्र्याखाली शाळा आहे की गिरणी, हे दिसत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं. आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडिया ही १७६७पासूनची संस्था, पण तिचे तपशीलवार नकाशे अनेक दशकं निर्बंधांच्या कुलपात होते. मग २००८मध्ये गूगलने 'मॅप मेकर' आणलं आणि भारतातल्या हजारो लोकांनी रात्री जागून आपापल्या गल्ल्या, देवळं, दवाखाने काढून दिले. एक पैसा न घेता. २०१७मध्ये मॅप मेकर बंद झालं. काढलेल्या रेषा गूगलच्या नकाशात राहिल्या. ज्यांनी त्या काढल्या त्यांना तो विदा घेऊन स्वतःचा धंदा उभा करायची मोकळीक मात्र नव्हती. गावकऱ्यांनी श्रमदानातून विहीर खणावी आणि सातबारा भलत्याच्याच नावावर निघावा, तसं.

पाण्याचं बिलही आलंच. २०१८च्या उन्हाळ्यात दर बदलले. पूर्वी वेबसाइटवर दिवसाला २५ हजार वेळा नकाशा फुकट दाखवता येई. त्या वेळी महिन्याला २०० डॉलरची सूट आणि दर हजारामागे ७ डॉलर असं ठरलं होतं, म्हणजे फुकटातले जेमतेम २८ हजार, तेही अख्ख्या महिन्याचे. कंपनीला दर ठरवायचा हक्क आहेच. पण ज्याचा दर ती ठरवते त्यात आपली मेहनत आहे, हे निदान 'फुकट' म्हणताना आठवावं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे स्वदेशी नकाशा. मला हे उत्तर पटत नाही. देशी कंपन्या चांगलं काम करतात, पण त्यांच्याही विद्याला कुलूप असतं, आणि कुलूप कुठल्या देशात बनलं याने दार उघडत नाही. सरकारचं म्हणाल तर २०१६च्या विधेयकाचा मसुदा आठवा. भूस्थानिक माहिती परवान्याशिवाय बाळगली तर शंभर कोटींपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद! ते विधेयक बारगळलं, २०२१मध्ये नियम बरेच सैल झाले, हे चांगलंच. पण ज्यांच्या मनात एकदा हे येऊन गेलं त्यांच्यावर मी सगळा भार टाकणार नाही.

पर्याय गूगल मॅप्सपेक्षा जुना आहे. २००४मध्ये स्टीव्ह कोस्टने इंग्लंडमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू केलं, कारण करदात्यांच्या पैशांनी उभी राहिलेली तिथली सरकारी नकाशासंस्था विदा मोकळा द्यायला तयार नव्हती. इथे कुणीही भर घालू शकतं आणि कुणीही सगळ्या जगाचा विदा उतरवून घेऊ शकतं, धंद्यासाठीसुद्धा. अट एवढीच की श्रेय द्यायचं, आणि सुधारलेला विदा लोकांपुढे आणला तर तोही तसाच मोकळा ठेवायचा. ट्रॅफिक तिथे नाही. महाराष्ट्राच्या खेड्यांत तो नकाशा अजून विरळ आहे. म्हणूनच तर आपली गरज आहे.

आणि आता नावं, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. आपल्या गावांची नावं डिजिटल नकाशांवर बहुधा आधी रोमनमध्ये चढतात आणि मग यंत्र त्यांचं देवनागरी करतं. रोमनमध्ये ळ नाही. ट-त, ण-न, अ-आ यांतला फरकही तिथे उरत नाही. आमच्या भाषेत याला माहितीचा ऱ्हास म्हणतात. एकदा गेलेली माहिती कितीही हुशार प्रोग्रॅम लिहिला तरी परत येत नाही, फक्त अंदाज करता येतो. माळवाडीची मालवाडी होते. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याचा वडा व्हायलाही वेळ लागत नाही. माळ गेला की तिथे उंच, खडकाळ, गवताळ जमीन होती ही खूणही जाते. माझ्या आजीने सांगितलेल्या रस्त्यात पिराचा माळ, जोड ओढा, मधली वस्ती अशा खुणा असत. त्यांतली एकही मला फोनवर सापडलेली नाही.

दुकानांवर मराठी पाट्या हव्यात म्हणून २०२२मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मी त्या बाजूचाच आहे. पण रस्ता शोधणारा माणूस आता दुकानाच्या पाटीआधी फोनची पाटी वाचतो, आणि तिच्यासाठी कुणाचाही घसा बसलेला मी पाहिला नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक जागेला मराठी नावाचा वेगळा रकाना आहे. बऱ्याच गावांच्या बाबतीत तो रिकामा आहे. खातं उघडायला पाच मिनिटं लागतात, ब्राउझर पुरतो, प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. आपल्या गावापासून सुरुवात करा. आधी वाड्या-वस्त्या, मग ओढे, टेकड्या, पाणंदी. दुसऱ्या नकाशावरून नावं उतरवू नका, ते तिथे चालत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि ळ कुठे आहे ते नीट ऐकून घ्या.