नोंद खरी राहते कशामुळे?

सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहा. बहुतेकांच्या हातात एक पिशवी असते. तिच्यात जुने केसपेपर, घडीवर फाटत आलेले डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रेचे मोठे पाकीट असते. तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून पुण्या-मुंबईला ही पिशवी रुग्णाबरोबर फिरते. ती एसटीत राहिली की आजाराचा सगळा इतिहास गेला. तपासण्या पुन्हा, खर्च पुन्हा, आणि मधले मोलाचे दिवस वाया. या पिशवीच्या ओझ्यातून रुग्णाची सुटका व्हावी याबद्दल कुणाचे दुमत नाही. वाद आहे तो सुटकेच्या वाटेबद्दल.

गेली आठ-दहा वर्षे या प्रश्नावर ‘ब्लॉकचेन’ हे उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने दिले जात आहे. माहिती-प्रणालीच्या अभ्यासकांनी त्यावर शोधनिबंध लिहिले, कंपन्यांनी आराखडे मांडले, सरकारांनी प्रयोग केले. आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात २०२२ साली जातप्रमाणपत्रांसाठीही हे तंत्र वापरले गेले. आरोग्यनोंदींच्या बाबतीत मला हे उत्तर मान्य नाही. मात्र ज्याचे खंडन करायचे त्याचे म्हणणे आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावे, ही आपल्याकडच्या वादाची जुनी शिस्त आहे. म्हणून आधी पूर्वपक्ष.

ब्लॉकचेन म्हणजे अनेकांच्या हाती असलेली एकच खातेवही. तिच्या प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा गणिती ठसा असतो. मागचे एखादे पान कुणी गुपचूप बदलले, तर पुढचे सगळे ठसे चुकतात आणि लबाडी उघडी पडते. यावरून समर्थक तीन गोष्टी सांगतात. पहिली, अशी नोंद मागाहून बदलता येत नाही, म्हणून ती विश्वासार्ह. दुसरी, वही कुणा एकाच्या ताब्यात नाही, म्हणून सगळ्यांची माहिती गिळून बसणाऱ्या मधल्या बलाढ्य प्लॅटफॉर्मची गरज नाही, आणि एका जागी घाव घालून सारे बंद पाडता येत नाही. तिसरी, नोंद उघडण्याची किल्ली रुग्णाच्या हाती, म्हणून आपली माहिती कुणाला दाखवायची हे तोच ठरवणार.

या म्हणण्यामागची भीती खरी आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या या अग्रगण्य रुग्णालयाला सुमारे दोन आठवडे कागद-पेनावर काम करावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत चेंज हेल्थकेअर या कंपनीच्या यंत्रणेवर हल्ला झाला. देशभरातली रुग्णालये, औषधदुकाने आणि विमा कंपन्या यांच्यातले बिलांचे व्यवहार तिच्यातून जात होते. ते ठप्प झाले आणि कोट्यवधी लोकांची माहिती चोरट्यांच्या हाती गेली. एका प्लॅटफॉर्मवर सगळा भार टाकण्याचा धोका याहून स्पष्ट दिसणार नाही. तेव्हा पूर्वपक्षाचा प्रश्न रास्त आहे. चुकते ते त्याचे उत्तर.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करू. नोंद बदलता येत नाही म्हणून ती विश्वासार्ह, या विधानात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. नोंद न बदलणे आणि नोंद खरी असणे यांचा एकमेकांशी संबंध नाही. समजा, एका उपकेंद्रातले रक्तदाबाचे यंत्र बिघडले आहे. रकाना रिकामा ठेवला तर वरून विचारणा होते. मग सिस्टर प्रत्येक गरोदर बाईपुढे १२०/८० लिहून मोकळी होते. हा आकडा वहीत राहिला काय आणि जगभरच्या हजार संगणकांवर कोरला गेला काय, तो खोटाच. ब्लॉकचेनने त्याला फक्त दीर्घायुष्य दिले. आरोग्यनोंदी बिघडतात त्या बहुधा लिहिण्याच्या क्षणी : घाईने, भीतीने, दमलेल्या हाताने, एका सुनीताचा रिपोर्ट दुसऱ्या सुनीताच्या फाइलमध्ये गेल्याने. ब्लॉकचेनचा पहारा सुरू होतो तो त्या क्षणानंतर.

शिवाय चूक दुरुस्त होणे हा आरोग्यनोंदीचा प्राण आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. समर्थक म्हणतात, जुनी नोंद राहू द्या, खाली दुरुस्तीची नवी नोंद जोडा. पण दोन नोंदींपैकी खरी कोणती हे ठरवायला कुणाला तरी अधिकार द्यावाच लागतो, आणि तो अधिकार अखेर माणसाकडे, संस्थेकडे जातो. पुसण्याचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. गर्भपात, मनोविकार, एचआयव्ही यांच्या नोंदी आपल्या समाजात माणसाचे घर आणि नोकरी हिरावून घेऊ शकतात. अशी नोंद कधीच पुसली जाणार नाही, हे आश्वासन म्हणून सांगणाऱ्याने त्या रुग्णाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे.

यावर समर्थकांचे उत्तर असे : नोंद रुग्णालयातच राहील, ब्लॉकचेनवर फक्त तिचा ठसा किंवा परवानगी जाईल. अमेरिकेतल्या एमआयटीच्या अभ्यासकांनी २०१६ साली मांडलेला ‘मेडरेक’ हा या क्षेत्रातला गाजलेला आराखडा याच धर्तीचा आहे. तो प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच पूर्वपक्षाची मर्यादा त्यात स्पष्ट होते. नोंदी जर रुग्णालयाच्याच संगणकावर राहणार असतील, तर चोर तिथेच येणार. ठसा मागाहूनची फेरफार दाखवील. चोरी थांबवणार नाही.

फेरफार दाखवण्याचे हे कामही ब्लॉकचेनच्या आधीपासून होते आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा यांनी १९९१ साली संगणकीय कागदपत्रांवर काळाची मुद्रा उमटवण्याची रीत मांडली. पुढे त्यांच्या कंपनीने १९९५ पासून दर आठवड्याचा एकत्रित ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. घरोघरी गेलेले वर्तमानपत्र मागाहून कोण बदलणार? तेवढ्याने काम भागत होते.

आता समर्थकांचा आवडता साक्षीदार, एस्टोनिया. ‘त्या देशाने आरोग्यनोंदी ब्लॉकचेनवर नेल्या,’ हे वाक्य आपण वारंवार ऐकतो. वस्तुस्थिती अशी की २०१६ साली तिथे आरोग्यनोंदींसाठी गार्डटाइम या कंपनीची ठसे जपण्याची पद्धत घ्यायचे ठरले. तीही हेबर-स्टोर्नेटांच्याच कुळातली; ती ठसे जपते, रोग्याची नोंद नव्हे. तिथल्या सरकारी खात्यांना जोडणारा ‘एक्स-रोड’ हा २००१ पासूनचा दुवा आहे, आणि तो ब्लॉकचेन नाही, असे तो सांभाळणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये स्वतःच जाहीर केले. एस्टोनियाचे बळ वेगळ्या जागी आहे. २००२ पासून नागरिकांकडे डिजिटल सही करू देणारे ओळखपत्र आहे. कायदा स्पष्ट आहे. आणि आपली नोंद कुणी उघडून पाहिली हे नागरिकाला स्वतः पाहता येते. डॉक्टरने विनाकारण डोकावले तर त्याला जाब विचारता येतो. साक्षीदाराची नीट उलटतपासणी केली, तर तो आमच्या बाजूने बोलतो.

दुसरा मुद्दा मध्यस्थाचा. ब्लॉकचेन आले की मध्यस्थ जातो, हे अनुभवाला उतरलेले नाही. आयबीएम आणि मर्स्क यांनी २०१८ साली जहाजवाहतुकीच्या कागदपत्रांसाठी ‘ट्रेडलेन्स’ हा ब्लॉकचेन-प्लॅटफॉर्म सुरू केला. पैसा होता, तंत्रज्ञ होते. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद करण्याची घोषणा झाली. सगळ्या उद्योगाचे हवे तसे सहकार्य मिळाले नाही, असे कारण चालकांनीच दिले. सामायिक वही कुणी बनवायची, नियम कुणी ठरवायचे, खर्च कुणी सोसायचा, हे वाद संगणक सोडवत नाही. स्पर्धकांना एका पंगतीला बसवणे हे माणसांचे काम आहे.

आणि चेंज हेल्थकेअरमध्ये चोर शिरला कसा? मूळ कंपनीच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेपुढे दिलेल्या साक्षीनुसार, बाहेरून आत येण्याच्या एका दारावर पासवर्डपलीकडचे दुसरे कुलूपच नव्हते. आज आपण बँकेत पैसे पाठवताना जो ओटीपी टाकतो, त्या जातीची साधी खबरदारी तिथे राहून गेली होती. एवढ्या मोठ्या अनर्थाचे मूळ इतक्या साध्या गोष्टीत असताना, तिला वगळून नव्या तंत्राच्या मागे धावणे हे घराला कडी न लावता भिंत जाड करण्यासारखे आहे.

तिसरा मुद्दा किल्लीचा. हा ऐकायला सर्वांत सुंदर आणि रुग्णाला सर्वांत जड. किल्ली हरवली तर? म्हातारी आजी फोन नातवाकडून चालवून घेते. मग किल्ली कुणाच्या हाती? अपघातात बेशुद्ध झालेल्या माणसाची संमती कोण देणार? यातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर म्हणून शेवटी कुणीतरी विश्वासू माणूस किंवा कार्यालय उभे करावे लागते. ज्याला दारातून घालवले, तो मध्यस्थ खिडकीतून परत येतो, तोही बहुधा कायद्याने न बांधलेला.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. जिथे परस्परांवर विश्वास नसलेले अनेक पक्ष आहेत, सगळ्यांना मान्य असा कुणी नाही, आणि मागाहूनची फेरफार हाच मुख्य धोका आहे, तिथे ब्लॉकचेनला जागा असू शकते. पण रुग्णाचे नाते असे नसते. तो डॉक्टरच्या हाती देह सोपवतो. त्या विश्वासाला जपणारी व्यवस्था हवी. विश्वासाची गरजच संपवू पाहणारे यंत्र तिथे कामाचे नाही.

मग करायचे काय? नुसते खंडन करून थांबणे हे अर्धे काम. मंडनासाठी मी माहिती-प्रणालीच्या अभ्यासातलाच एक प्रवाह पुढे ठेवतो, ज्याची चर्चा ब्लॉकचेनच्या गलबल्यात कमी होते.

वंशभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत आरोग्यखात्यांची शकले उरली होती. वर्णावर विभागलेल्या खात्यांचे तक्ते एकमेकांशी जुळत नव्हते. तिथे १९९० च्या दशकाच्या मध्यात ऑस्लो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी स्थानिक कार्यकर्त्यांबरोबर काम सुरू केले. त्यांचा पहिला प्रश्न संगणकाचा नव्हता. ‘कमीत कमी कोणते आकडे खरोखर लागतात?’ हा होता. शेकडो रकाने छाटून थोडे, सर्वांना मान्य आणि उपकेंद्राच्या स्वतःच्या कामाचे असे आकडे ठरले. त्या कामातून डीएचआयएस ही मुक्त प्रणाली उभी राहिली. तिची दुसरी आवृत्ती आज ७० हून अधिक देशांत वापरात आहे. याच गटातले यॉर्न ब्रा, एरिक मोंतेरो आणि संदीप साहाय यांनी २००४ साली एमआयएस क्वार्टर्ली या नियतकालिकात मांडले की एका जागेचा सुटा प्रयोग टिकत नाही. एकमेकांकडून शिकणाऱ्या अनेक जागांचे जाळे असेल तरच प्रणाली तगते.

माझ्या मते सगळ्याचे सार यातच आहे. नोंद खरी राहते ती लिहिणाऱ्यालाच तिची गरज असते तेव्हा. मागच्या महिन्यात लिहिलेला रक्तदाब पाहून सिस्टरला या महिन्यात ठरवायचे असेल की हिला तालुक्याला पाठवायचे की नाही, तर ती १२०/८० असे ठोकून देणार नाही. यंत्र दुरुस्त करून मागेल. ज्या आकड्याचा उपयोग फक्त वरच्या कार्यालयाच्या तक्त्याला, तो आकडा हळूहळू खोटा होत जातो.

ब्लॉकचेनशिवाय तपासता येणाऱ्या नोंदीचे उदाहरण आपल्याकडेही आहे. १६ जानेवारी २०२१ ला कोविड लसीकरण सुरू झाले आणि १७ जुलै २०२२ पर्यंत कोविन या सरकारी पोर्टलवर २०० कोटी मात्रांची नोंद झाली. लसीच्या प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड कुणालाही तपासता येत होता. त्यामागे होती साधी, जुनी डिजिटल सही. कोविनचे दोषही ध्यानात ठेवू. १८ ते ४४ वयोगटाला सुरुवातीला ऑनलाइन नोंदणीची सक्ती होती आणि स्मार्टफोन नसलेले मागे पडले. मे २०२१ अखेर सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंद करण्याची मुभा आली. माणसाने माणसाची नोंद करण्याची वाट खुली ठेवावीच लागते, हा त्यातला धडा.

२७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा मूळ आराखडाही मला योग्य दिशेचा वाटतो. १४ अंकी आभा क्रमांक दुवा जोडतो, नोंद मात्र ती तयार झाली त्या रुग्णालयातच राहते आणि रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे जाते. सगळा साठा एका जागी करायचा नाही, हे पूर्वपक्षाचे रास्त मागणे इथे ब्लॉकचेनशिवाय पुरे होते. या आराखड्याला चार गोष्टींची जोड हवी. आशाताई आणि सिस्टर यांचे रकाने कमी करावेत आणि एकच आकडा दोनदा लिहायला लावू नये. आपली नोंद कुणी पाहिली हे रुग्णाला त्याच्या भाषेत दिसावे. चूक दुरुस्त करायला प्रत्येक रुग्णालयात नाव आणि खिडकी असलेला जबाबदार माणूस असावा. आणि आभा नसला, फोन नसला तरी उपचार अडू नयेत.

यावर एक आक्षेप येईल : ज्या संस्था आज विश्वासाला पात्र नाहीत, त्यांच्यावरच तुम्ही भार टाकता. आक्षेप खरा आहे. पण संस्था वाईट आहेत म्हणून त्यांना वळसा घालणारे तंत्र आणले, तर त्या वाईटच राहतात. आणि रुग्णाला सलाइन लावायला, टाके घालायला पुन्हा त्याच संस्थेच्या दारात जायचे असते. तिला वळसा घालता येत नाही. तिला उत्तरदायी करावे लागते.

म्हणून तरुण अभ्यासकांना माझे कळकळीचे सांगणे आहे. पुढचा आराखडा मांडण्याआधी आठवडाभर केसपेपरच्या खिडकीमागे बसा. एखाद्या उपकेंद्रात सिस्टर वही कधी भरते, दुपारी बाया गेल्यावर की समोर असताना, ते पाहा. ती कोणता आकडा स्वतः परत वाचते आणि कोणता नुसता भरते, हे तिला विचारा. ती जो आकडा परत वाचते, तिथून प्रणाली बांधायला घ्या. त्या आकड्यावर उभी राहिलेली नोंद जिल्ह्याच्या डॉक्टरपर्यंत पोचली, की रुग्ण आपली पिशवी घरी खुंटीला अडकवून निघू शकेल.