चालून ये, बरं वाटेल

२०२३ साली साउथ ऑस्ट्रेलिया विद्यापीठातून एक बातमी निघाली: नैराश्यावर व्यायाम हा समुपदेशन किंवा नेहमीच्या औषधांपेक्षा दीडपट गुणकारी. बातमीला पाय फुटले. उल्हासनगरच्या गोल मैदानावर पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांना ती पटायला पुरावाही लागला नसता. पण बातमीमागच्या आढाव्यात धावणारे आणि गोळ्या घेणारे समोरासमोर उभे केलेले नव्हतेच. व्यायामाच्या अभ्यासांतला आकडा औषधांच्या वेगळ्या अभ्यासांतल्या आकड्याशेजारी ठेवला, इतकंच.

समोरासमोर तुलना झाली ती अमेरिकेत. ड्यूक विद्यापीठाच्या जेम्स ब्लुमेंथाल यांनी १९९९ साली पन्नाशीपुढच्या १५६ जणांवर केलेला प्रयोग आजही दाखला म्हणून दिला जातो. सोळा आठवड्यांनी व्यायाम करणारे आणि सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध घेणारे जवळपास सारखेच सुधारले होते. मात्र खोट्या गोळीचा गट त्यात नव्हता. मग सुधारणा व्यायामाची, की नुसता काळ गेल्याची? २००७ मध्ये ब्लुमेंथाल यांनीच २०२ जणांवर पुन्हा प्रयोग केला आणि या वेळी तो गट ठेवला. देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी ४५ टक्के नैराश्यातून बाहेर आले, औषध घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के. आणि खोट्या गोळीवर? ३१ टक्के. हा तिसरा आकडा उत्साही सल्लागारांच्या तोंडून ऐकायला मिळत नाही.

खोटी गोळी देता येते, खोटं धावणं नाही. धावणाऱ्याला आपण धावतोय हे ठाऊक असतं आणि ‘बरं वाटतंय का’ या प्रश्नाचं उत्तर त्या अपेक्षेसकट येतं. ‘कॉक्रेन’ या संशोधकांच्या जाळ्याच्या २०१३ च्या आढाव्यात ३५ चाचण्या एकत्र केल्यावर परिणाम मध्यम दिसला. त्यांतल्या काटेकोर सहाच ठेवल्यावर तो इतका आक्रसला की योगायोगापासून वेगळा काढता येईना. २०२४ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २१८ अभ्यासांचा आढावा आला. पक्षपाताचा धोका कमी म्हणावा असा त्यांत एकच होता!

शिवाय अशा अभ्यासांत येतात ती व्यायामाला आधीच तयार असलेली माणसं. बाकीच्यांचा दिवस बघा. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. पूल चढून लोकल गाठणं, दीड तास गर्दीत उभं राहणं, संध्याकाळी तेच उलट. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत पाळीभर उभा राहणारा कामगार किंवा उल्हासनगरात जीन्स शिवणारी बाई काही कमी घाम गाळत नाही. पण फावल्या वेळचा व्यायाम आणि पोटासाठीचे कष्ट वेगळे मोजले, की मनःस्वास्थ्याशी चांगलं नातं मुख्यतः पहिल्याचंच दिसतं. मग गुण घामाचा, की हाताशी मोकळा तास असण्याचा? अंथरुणातून उठणंच जड झालेल्याला ‘रोज पाच किलोमीटर चाल’ म्हणणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने वेगळी वाट धरली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, नैराश्य बरंच तीव्र असलेल्या ४९५ जणांवरचा हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक रुग्णांना भेटत आणि त्यांनी सोडून दिलेल्या छोट्या छोट्या गोष्टी पुन्हा सुरू करायला मदत करत. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के सावरले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. आपल्याला कोणता उपचार मिळतोय हे इथेही रुग्णांना माहीत होतं, ही शंका उरतेच. पण इथे सल्ला देऊन कोणी निघून गेलं नव्हतं.

चालण्याने थोडा फायदा होत असावा, आणि झेपत असेल त्याने जरूर चालावं. त्यासाठी गोळ्या परस्पर बंद करायला मात्र यांतला एकही अभ्यास सांगत नाही. घरात कोणी गप्प गप्प राहत असेल तर बूट आणून देण्याआधी ‘टेली मानस’ला फोन करा: १४४१६. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलते.