खुनामागचे कर्ज

गाजलेल्या चित्रपटाची पुनर्निर्मिती झाली की चर्चा रंगते ती नव्या नायिकेची व प्रणयदृश्यांची. ‘द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस’चेही तेच झाले. जेम्स केन यांची ही कादंबरी १९३४ साली, अमेरिका महामंदीत होरपळत असताना प्रसिद्ध झाली. रस्त्याकाठच्या उपाहारगृहाचा ग्रीक मालक, त्याची तरुण पत्नी आणि एक बेकार भटक्या. खुनाचा पहिला प्रयत्न फसल्यावर प्रेमिक पळून जाऊ पाहतात. पण पत्नी अर्ध्या वाटेतून परतते, कारण पुढे केवळ दारिद्र्य आहे. खुनाचा विचार पुन्हा मूळ धरतो तो त्यानंतर.

१९४६ च्या हॉलिवूडपटाने ग्रीक मालकाला ‘स्मिथ’ करून टाकले. १९८१ साली बॉब राफेलसन यांनी ग्रीक मालक परत आणला, मंदीचा काळही राखला. परंतु सेन्सॉरच्या जाचातून सुटलेला कॅमेरा रेंगाळला तो शरीरांवरच. याउलट व्हिस्कोंती यांनी १९४३ मध्येच ही कथा पो नदीच्या खोऱ्यात नेऊन मुसोलिनीच्या इटलीतील दैन्य उघडे केले. ख्रिस्तियान पेट्झोल्ड यांच्या ‘येरिखो’त (२००८) मालक तुर्की वंशाचा, प्रियकर अफगाणिस्तानातून परतलेला बडतर्फ सैनिक, आणि पत्नी कर्जाने पतीशी जखडलेली.

वासना सर्वत्र सारखीच. बदलतो तो तिच्याभोवतीचा मालमत्तेचा फास. जो दिग्दर्शक आपल्या काळातील हा फास ओळखतो, त्याचीच पुनर्निर्मिती सार्थ होय. इतरांची केवळ नक्कल!